मांगरातला ट्रक: डिचोलीतील एका युद्धकालीन गाडीची ओळख आणि दुरुस्ती

मये गावातल्या एका मांगरात हा ट्रक वीस-बावीस वर्षं उभा होता. वर मंगळुरी कौलं, तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती आणि पुढे माडाच्या चुडतांचा ढीग. मालक माझ्या गॅरेजवर आले ते गाडीचा इतिहास पाठ करूनच आले होते. "पोर्तुगीज मिलिटरीचा ट्रक. एकसष्ट साली टाकून गेले, तो आमच्या आजोबांनी घेतला." घरात तीन पिढ्या हेच सांगत आल्या होत्या. गाडी चालती करायची, तिला पोर्तुगीज सैन्याचा रंग द्यायचा आणि मुक्तीदिनाला डिचोलीच्या बाजारातून न्यायची, एवढी त्यांची इच्छा.

रंगाचं नंतर बघू, असं मी सांगितलं. जुनी गाडी हातात आली की आधी ती कोण आहे हे ठरवावं लागतं, कारण पुढचा सगळा पैसा त्या उत्तरावर खर्च होतो. इथे ते उत्तर मिळायला पाच महिने लागले आणि मधे मी एकदा सपशेल चुकलो. ती चूकही इथे लिहितो, कारण अशाच गाड्यांपुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला तिचा उपयोग होईल.

चुडतं बाजूला केल्यावर दिसलं ते असं. केबिनचा खालचा अर्धा भाग जाड पत्र्याचा, मूळचा. वरचा अर्धा सागवानी चौकट करून त्यावर पत्रा ठोकलेला, खाणीच्या दिवसांत इथल्याच सुताराने केलेला. हौदा लाकडी. सगळ्यावर नारिंगी रंग आणि सांध्यासांध्यांत खनिजाची लाल धूळ. ही धूळ पाणी धरून ठेवते. गोव्याचा पावसाळा आणि ही धूळ एकत्र आली की पत्रा आतून कुजतो, वरून कळतही नाही. इंजिन पर्किन्स पी६, सहा सिलिंडरचं डिझेल. आपल्याकडे जुन्या पेट्रोल ट्रकांत हे इंजिन सर्रास बसवलं जायचं, त्यामुळे त्यावरून गाडीची काहीच ओळख पटत नव्हती. डॅशबोर्डवर कारखान्याची पाटी असते तिथे रिव्हेटची चार भोकं फक्त उरलेली.

मी पोरांना पहिली सूचना दिली ती चाकांची. या गाडीचं १६ इंची चाक दोन तबकड्या बोल्टांनी जोडून केलेलं असतं. एका वर्तुळातले नट चाक हबला धरतात, दुसऱ्या वर्तुळातले नट त्या दोन तबकड्या एकमेकींना. टायरात हवा असताना दुसरे नट सोडले तर चाक बॉम्बसारखं उघडतं आणि समोरचा माणूस वाचत नाही. टायर सपाट दिसत असला तरी आधी व्हॉल्व्ह काढायचा, तार घालून तो मोकळा आहे हे बघायचं, मगच पाना लावायचा. दुसऱ्या वर्तुळातल्या सगळ्या नटांना आम्ही त्याच दिवशी लाल रंग लावला.

स्टेअरिंग, टेप आणि जाळी

मालकांच्या जावयांचं मत होतं की स्टेअरिंग उजवीकडे आहे, म्हणजे गाडी ब्रिटिशांकडचीच, पोर्तुगिजांची नव्हे. ऐकायला बरोबर वाटतं, पण गोव्यात हा पुरावा चालत नाही. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, गोवा मात्र डावीकडूनच चालत राहिला, कारण इथले रस्ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या रस्त्यांना जोडलेले होते. उजवं स्टेअरिंग दोन्हीकडे चालतं.

शेजारच्या एका गृहस्थांनी गाडीचा संबंध मुरगाव बंदरातल्या हल्ल्याशी जोडला. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश पलटणीच्या माणसांनी तिथे एरेनफेल्स या जर्मन जहाजावर चढाई केली होती. पण ती माणसं समुद्रातून आली होती. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, दोस्तांचे ट्रक तेव्हा गोव्याच्या रस्त्यांवर फिरण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी युद्धातली असेल तर ती इथे युद्धानंतर आली, एवढं या गोष्टीतून हाती लागलं.

मग टेप घेतली. गाडी ओढून सपाट कोब्यावर आणली, चारही कोपरे जॅकवर समपातळीत घेतले, कारण एका बाजूचे पाटे बसलेले असले तर माप इंचभर सहज चुकतं. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने फुल्या मारल्या, गाडी बाजूला ढकलली आणि दोन फुल्यांमधलं अंतर तीन वेळा मोजलं. दोन्ही बाजूंना १०१ इंच.

हा आकडा बोलका आहे. विलीस जीप ८० इंचांची. डॉजची युद्धातली वेपन्स कॅरिअर ९८ इंचांची, म्हणजे फरक फक्त तीन इंचांचा आणि डोळ्यांना तो दिसत नाही. नागरी वापराची डॉज पॉवर वॅगन १२६ इंच. १०१ इंच, चारही चाकांना ड्राइव्ह, आखूड चपटं नाक आणि इंजिन अर्धं केबिनमध्ये शिरलेलं, हे सगळं जुळतं ते कॅनडाच्या मिलिटरी पॅटर्नच्या १५ हंड्रेडवेट ट्रकशी.

हे ट्रक दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांसाठी बनवले, ४ लाखांहून जास्त. फोर्डचा कारखाना विंडसरला, जनरल मोटर्सचा ओशावाला, आणि दोघांनी एकाच आराखड्यावर काम केलं, म्हणून दोघांच्या गाड्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. नावातलं पहिलं अक्षर कारखाना सांगतं: सी म्हणजे जनरल मोटर्सची शेव्हरोले, एफ म्हणजे फोर्ड. आकडा भार सांगतो: १५ म्हणजे १५ हंड्रेडवेट, आपल्या हिशेबाने साधारण ७६० किलो. शेवटचं अक्षर पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचं: ए म्हणजे १०१ इंच, एस म्हणजे १३४, एल म्हणजे १५८. हिंदुस्थानात त्या खोक्यांत भरून यायच्या आणि मुंबईत जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना शिवडीला होता. युद्ध संपल्यावर सरकारने त्या लिलावात काढल्या. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द जुन्या मेस्त्रींच्या तोंडी आजही आहे, तो त्या लिलावांचा.

आता प्रश्न उरला सी१५ए की एफ१५ए. मूळ इंजिन असतं तर बॉनेट उघडताच उत्तर मिळालं असतं, कारण शेव्हरोलेला उभ्या रांगेत सहा सिलिंडर, फोर्डला व्ही८. इंजिन नाही म्हणून मी नाकावरच्या जाळीकडे गेलो. शेव्हरोलेची जाळी तिरपी, शंकरपाळ्यांसारखी. फोर्डची सरळ चौकड्यांची. या गाडीवर चौकड्यांची जाळी होती. मी फोर्ड म्हणून निकाल दिला आणि व्ही८चे दोन पाण्याचे पंप मागवले. त्या इंजिनाला दोन्ही बाजूंना एकेक लागतो. पैसे गेलेच, त्याहून वाईट म्हणजे सहा आठवडे मी चुकीच्या गाडीचं पुस्तक वाचत बसलो.

चूक उघडी पडली गिअरबॉक्स धुताना. पर्किन्स बसवणाऱ्याने मधे एक जाड पट्टी घालून जुनाच गिअरबॉक्स ठेवला होता. मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस पत्रीने काढत गेलो तशी ओतीव लोखंडावर उठलेली अक्षरं दिसायला लागली: जी एम, आणि थोडं बाजूला 'बी २४ ३'. फोर्डच्या गाडीत जनरल मोटर्सचा गिअरबॉक्स कशाला असेल? नाकाचे बोल्ट पुन्हा बघितले तर दोन भोकं नव्याने पाडलेली. कधीतरी धडक बसली असणार आणि भंगारातल्या फोर्डचं नाक आणून बसवलं असणार. ज्या भागाला आधी ठोकर लागते तोच मी पुरावा म्हणून धरला होता. त्यानंतर माझा नियम ठरला: जे बोल्टांनी सुटतं त्याला साक्षीला बोलवायचं नाही, आधी चासी आणि ओतीव भाग बघायचे.

कुळागरातलं इंजिन

शेव्हरोले म्हटल्यावर मालकांना आठवलं की पर्किन्स बसवलं तेव्हा जुनं इंजिन आजोबांनी सावई-वेऱ्याच्या मेव्हण्यांना दिलं होतं. आम्ही गेलो. पोफळींच्या मधे, पाटाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली ते अजून होतं, पंपाला जोडलेलं. पेट्रोलवर सुरू करायचे आणि गरम झालं की रॉकेलवर चालवायचे, असं तिथल्या काकांनी सांगितलं. शेवटची दहा वर्षं बंदच. ब्लॉकवर वायर ब्रश मारला, 'सी ११ ३' असं उमटलं.

जनरल मोटर्सच्या ओतकामात पहिलं अक्षर महिन्याचं असतं, मग तारीख, मग सालाचा शेवटचा आकडा. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, सी मार्च. म्हणजे इंजिन ११ मार्चचं आणि गिअरबॉक्स २४ फेब्रुवारीचा, दोन्ही तीनच्या सालातले. पण हा तीन १९४३ चा की १९५३ चा? २१६ घनइंचांचं हे इंजिन ट्रकांसाठी १९५३ पर्यंत बनत होतं, त्यामुळे एकट्या इंजिनावरून काही ठरत नाही. चासीवरून ठरतं. कॅनेडियन पॅटर्नचे हे ट्रक १९४५ नंतर बनलेच नाहीत, मग त्यातल्या मूळ गिअरबॉक्सवरचा तीन १९४३ चाच. इंजिन त्याच्या पंधरा दिवस पुढचं, आणि त्याची पुढची पट्टी चासीतल्या रिकाम्या भोकांवर ठेवली तेव्हा चारही बोल्ट हाताने गेले. माझ्या दृष्टीने ओळख तिथे पुरी झाली: शेव्हरोले सी१५ए, १९४३.

राहिला पोर्तुगीज सैन्याचा प्रश्न. उजव्या दारावरचा रंग मी पाणी आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन थर थर करून उतरवला. नारिंगीखाली हिरवा, त्याखाली पुन्हा नारिंगी, मग लांबीचा (पुटीचा) थर, आणि सगळ्यात खाली मातकट खाकी. त्या खाकीवर पांढऱ्या रंगात छापलेलं झेड अक्षर आणि पुढे आकडे, शेवटचे दोन गंजाने खाल्लेले. ब्रिटिश पद्धतीत १५ हंड्रेडवेटच्या वर्गातल्या ट्रकांना झेडचा क्रमांक असे, मोठ्या लॉरीला एलचा. गाडी लष्करातलीच, पण पोर्तुगीज नव्हे.

ती गोव्यात कधी आली हे कागदांवरून कळेना. गाडीच्या नोंदणी पुस्तकातली नोंद मुक्तीनंतरच्या जीडी या क्रमांक मालिकेपासूनची. ते सांगितलं मालकांच्या आत्यांनी. बेळगावला असतात, वय अठ्ठ्याऐंशी. फोनवर त्या म्हणाल्या, "एकसष्ट कसलं रे? माझ्या लग्नाचं सामान त्याच ट्रकातून सावर्ड्याच्या स्टेशनावर नेलं. तेव्हा गोव्याची गाडी बेळगावकडे येत होती." गोव्याची रेल्वे १९५५ साली सरहद्दीवर तुटली, म्हणजे ट्रक त्याआधीच इथे होता. लिलावातून सुटून, भारताने गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीच्या आधी, सरळ वाटेने आलेला. मालक बराच वेळ गप्प बसले. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसत होतं. आजोबांनी खोटं सांगितलं नव्हतं, असं मी त्यांना म्हटलं आणि ते मला मनापासून वाटतं. मिलिटरीचा ट्रक आजोबांनी घेतला हे खरंच होतं. कुठली मिलिटरी आणि कुठलं साल, एवढंच पुढच्या पिढ्यांच्या तोंडी बदललं.

दुरुस्ती

पर्किन्स चांगलं चालत होतं आणि ते ठेवणं स्वस्त पडलं असतं. पण २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी तरतूद झाली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. म्हणून मूळ इंजिन परत घालायचं ठरलं. नारिंगी केबिन काढताना मला खरंच जड गेलं, कारण ती केबिनसुद्धा गोव्याच्या खाणींचा इतिहासच आहे. तिचे फोटो आणि मापं घेतली, आणि चौकट मांगरातच जपून ठेवायला मालकांना सांगितलं.

पर्किन्ससाठी गॅस कटरने कापलेला चासीचा आडवा दांडा नवीन करून रिव्हेटांनी बसवला. ब्रेक, पाटे, किंगपिन, हौदा ही कामं नेहमीची होती, ती झाली.

खरं काम इंजिनात होतं. या इंजिनात कनेक्टिंग रॉडला सुटे बेअरिंग नसतात. रॉडच्या मोठ्या डोळ्यातच व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. तेलही दाबाने तिथे पोचत नाही. खाली पन्हाळीत तेल साठतं आणि रॉडच्या टोकाची छोटी पळी फिरताना ते उचलून घेते. रॉकेल पूर्ण न जळता ऑइलात उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पळीने उचललेल्या त्या पातळ तेलावर व्हाइट मेटल फार दिवस टिकत नाही. सहापैकी चार रॉडमध्ये तडे होते, एकात धातू पापुद्र्यासारखा निघून आला.

रॉड घेऊन तिलारी घाटाने कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरात साठीच्या पुढचे एक मेस्त्री अजून हे काम हाताने करतात. त्यांनी आधी जुना धातू वितळवून काढला, डोळा ॲसिडने साफ करून आतून कल्हई केली. कल्हई नीट धरली नसेल तर ओतलेला धातू चिकटत नाही, नुसता बसतो, आणि हजार किलोमीटरांत सुटतो. मग रॉड तापवून साच्यात उभा केला. कढईतल्या धातूला थर्मामीटर नव्हता. मेस्त्रींनी वाळल्या लाकडाची काडी त्यात बुडवून काढली, ती पिवळीच होती. थोडं थांबून पुन्हा बुडवली. या वेळी तपकिरी झाली, काळी नाही. "आता," एवढंच म्हणाले आणि एका धारेत, हात न थांबवता ओतलं. मधे थांबलं तर थर पडतो. थंड झाल्यावर धातूवर टिचकी मारून आवाज ऐकला. खणखणीत. सहाही रॉड असे झाले.

लेथवर मापात आणून मी ते डिचोलीला आणले आणि क्रँकवर खुणेचा निळा रंग लावून बसवले. क्रँक एकदा फिरवायचा, रॉड उघडायचा, जिथे निळं लागलंय तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं, पुन्हा बसवायचं. पहिल्या रॉडला दोन दिवस गेले, शेवटच्याला अर्धा. टोपीखालच्या बारीक पत्र्यांनी ढील नेमकी केली. टायमिंगसाठी फ्लायव्हीलवर ठोकलेला पोलादी छर्रा असतो. फ्लायव्हीलच्या घंटेसारख्या झाकणाच्या खिडकीतून तो दिसला की पहिल्या सिलिंडरची ठिणगी तिथे. सिलिंडरांच्या फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४.

तरीही इंजिन सुरू होईना. स्टार्टर कण्हत होता. मी त्याला दोनदा उघडला, ब्रश बदलले, आणि मग लक्षात आलं की बॅटरीची केबल १२ व्होल्टच्या गाडीची लावली होती. ही गाडी ६ व्होल्टची. तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो आणि बारीक केबलमध्येच तो वाया जातो. वेल्डिंग मशीनची जाड केबल कापून लावली, अर्थचं टोक घासून उघड्या लोखंडावर घट्ट केलं, आणि तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धरलं. ऑइलचा काटा १४ पौंडांवर थांबला. आजच्या मेकॅनिकला हे फार कमी वाटेल. या इंजिनाला तेवढंच असतं, वाढवायच्या फंदात पडू नये.

केबिनच्या पुढच्या काचेचा कोन जुन्या खांबांच्या कापून उरलेल्या बुंध्यांवरून घेतला. या केबिनची काच उलटी कललेली असते, वरची कड पुढे आणि खालची चालकाकडे, म्हणजे उन्हाची चमक वर विमानाला दिसत नाही. सुताराने पहिल्यांदा ती सरळ उभी केली होती, आपल्या नजरेला तसंच बरोबर वाटतं म्हणून. गुण्या लावून दाखवल्यावर उतरवून पुन्हा केली. जाळी शंकरपाळ्यांची, नवीन विणून घेतली. रंग दाराखालच्या खाकीवरून जुळवला आणि झेडचा क्रमांक जेवढा सापडला तेवढाच लिहिला. गेलेले दोन आकडे रिकामे ठेवले. मालकांनी आधी हरकत घेतली, मग मान्य केलं.

विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर येते, हे मी मालकांना आधीच सांगितलं होतं. सध्या ती मये ते डिचोली एवढीच फिरली आहे. गिअर डबल क्लचने पडतात, पायाशी जागा फार अरुंद, मोठे बूट घालून चालवता येत नाही.

गेल्या चवथीला आत्या बेळगावहून आल्या. काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर हात ठेवला आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. "फाळक्याला साखळ्या होत्या," म्हणाल्या. "माझी ट्रंक अडकली होती त्यात." आम्ही कड्या लावल्या होत्या. हौद्याच्या खालच्या मूळ दांड्याला दोन्ही टोकांना झिजलेले डोळे होते, ते कशाचे हे मला कळलं नव्हतं. साखळ्या त्याच आठवड्यात बसवल्या.